दोन नावांची गाडी

रूडी पोकोर्नीने स्क्रूड्रायव्हरचं टोक चॅसीवर टेकवलं आणि जरासं दाबलं. टोक आत गेलं. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं, आवाजही न होता.

"दिसलं?" गाडीखालून त्याने विचारलं.

डेलमार हुसाकला दिसलं होतं. गॅरेजच्या गार फरशीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून तो पिकअपच्या पोटाकडे बघत होता, आणि बाहत्तराव्या वर्षी असं बसलेल्या माणसाने उठायचं कशाला धरून, याचाही एकीकडे अंदाज घेत होता. मागच्या डाव्या चाकापाशी, जिथे स्प्रिंगच्या पाट्यांचा जोड चॅसीला मिळतो, तिथलं लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. तेवीस हिवाळ्यांत रस्त्यांवर फेकलेलं मीठ तिथे जाऊन बसलं होतं आणि सवडीने आपलं काम करत होतं.

रूडी फळीवरून सरकत बाहेर आला आणि हात पुसत त्याने निदान सांगितलं. इंजिन उत्तम, ते आपल्या दोघांनाही पोचवून येईल. गिअर ठीक. पण कमरेचं हाड गेलंय. हिवाळा सुरू व्हायच्या आत दोन्ही बाजूंनी नवी पट्टी घालून वेल्डिंग करायचं, नाहीतर गाडी विकायची. विकायची झाली तर बाहेर कुणाला न देता रूडीलाच द्यायची. मागे सामानाचा आठ फुटी हौदा, समोर एकच लांब सीट, दाराच्या काचांना हाताने फिरवायची हँडलं. अशी गाडी आता कुणी बनवत नाही. आता बनवतात त्या बाजारातून दोन पिशव्या आणणाऱ्यांसाठी. तो ती सगळी उघडून पुन्हा बांधणार होता. बोलताना त्याने गाडीच्या मागच्या फाळक्यावर दोनदा हात ठेवला, ते डेलमारच्या नजरेतून सुटलं नाही.

"व्हर्नाला विचारावं लागेल," डेलमार म्हणाला.

"म्हणजे चिठ्ठी लिहावी लागेल."

"हो. चिठ्ठी."

त्या गाडीला आणि त्या चिठ्ठ्यांना गावात आता कुणी हसत नसे. सोळा वर्षांत हसून झालं होतं.

गाडी दोघांची होती. डेलमारचा जुना ट्रक त्या वर्षी अगदीच बसला होता. शेजारच्या व्हर्ना लिंडहोल्मकडे वडिलांनी ठेवलेली दीडशे एकर जमीन, तीस-पस्तीस मेंढ्या आणि एक छोटी मोटार होती. मोटारीतून मेंढ्या नेता येत नाहीत आणि गवताचे गठ्ठेही येत नाहीत. ती दर महिन्याला डेलमारचा ट्रक मागायची आणि दर वेळी खसखशीच्या पावासोबत परत करायची. दोघांनाही ट्रक लागायचा, पण रोज कुणालाच लागत नव्हता. मग डेलमारची बायको अर्लीन एकदा जेवताना म्हणाली, की दोघं मिळून एकच चांगली का घेत नाही? दोन्ही कुंपणांच्या मध्ये अर्धा मैलच तर आहे. पुढच्या शनिवारी दोघं जाऊन गडद हिरवी, भरभक्कम, नवी कोरी पिकअप घेऊन आले. येताना डेलमारने चालवली आणि व्हर्ना शेजारी बसून सूचनापुस्तक पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत आली. ती शिक्षिका होती; पुस्तक मधूनच उघडणं तिला मान्य नव्हतं.

एक आठवडा त्याचा, एक तिचा. रविवारी चर्चहून आल्यावर, दुपारच्या जेवणाआधी गाडी दुसऱ्याच्या अंगणात लावायची, किल्ली डॅशबोर्डवरच्या, सिगारेटच्या राखेच्या खणात ठेवायची आणि चालत घरी जायचं. टाकी निम्म्यापेक्षा खाली सोडायची नाही. हौदा झाडून द्यायचा. सीट मात्र जिथे असेल तिथे. व्हर्ना जेमतेम पाच फूट. त्यामुळे एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी डेलमार आत शिरताना त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटत, आणि तो सीट मागे ढकली. रेडिओवर त्याने गुराढोरांचे भाव लावून ठेवलेले असत, ते जाऊन व्हायोलिनं आलेली असत. यात तक्रारीचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर आठवडाभर स्वतःचंच ऐकल्यावर त्याला ती व्हायोलिनं पहिले दोन मैल बरी वाटायची. मग तो भाव लावायचा.

गाडी घेतल्याला सात वर्षं झाली, तेव्हा व्हर्नाची शाळा बंद झाली.

ती एकाच खोलीची शाळा होती आणि एकोणीस वर्षं ती एकटी व्हर्ना चालवत होती. त्या वर्षी चार मुलं उरली होती. त्यातली दोघं सख्खी भावंडं. शाळेच्या मंडळावर तीन माणसं, त्यात डेलमार एक. गावातल्या मोठ्या शाळेत ही शाळा मिळवून टाकायची की नाही, एवढाच ठराव होता. सभा शाळेतच होती. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती, आणि कॉफी व्हर्नाने केली होती. पहिला हात वर गेला. मग डेलमारचा गेला. तिसऱ्याचा गेला नाही, पण आता त्याची गरज उरली नव्हती.

आपलं मत बरोबर होतं याबद्दल डेलमारला तेव्हाही शंका नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. चार मुलांना कुणाशी खेळायचं हेसुद्धा चारातच ठरवावं लागत होतं. पण हात वर करायचा हे त्याने तीन आठवडे आधीच ठरवलं होतं. त्या तीन आठवड्यांत गाडी तीनदा या अंगणातून त्या अंगणात गेली. एकदा तर व्हर्ना दारात उभी होती, दोघं पाच-दहा मिनिटं पावसापाण्याचं बोललेही होते, आणि तो तिला काही सांगू शकला नव्हता. त्या रात्री शाळेत व्हर्नाने सगळ्यांचे कप गोळा केले, धुतले, पुसून कपाटात उपडे घातले आणि दिवा मालवला. त्यानंतरच्या रविवारी गाडी ठरल्या वेळी डेलमारच्या अंगणात आली. समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेला रबर लावून त्यात एक चिठ्ठी खोचली होती: 'तेल बदललं.'

तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. व्हर्ना गावातल्या शाळेत शिकवायला जाऊ लागली, तिथूनच निवृत्त झाली. अर्लीन दर गुरुवारी तिच्याकडे कॉफीला जायची, ती त्या सभेनंतरच्या गुरुवारीही गेली आणि पुढेही जात राहिली. अर्लीनने फक्त एक गोष्ट दोघांनाही सुरुवातीलाच स्पष्ट केली होती. निरोप ती नेणार नाही. ती काही पोस्टमन नव्हती.

मग चिठ्ठ्या आल्या. आधी दोन-तीन शब्दांच्या. मागचा टायर बघ. वायपर बदलले. एकदा डेलमारने लिहिलं की पुढचे ब्रेक झिजलेत, लक्ष दे. आठवड्याने तीच चिठ्ठी परत आली. ब्रेकचं स्पेलिंग त्याने चुकवलं होतं; त्याखाली लाल शाईची रेघ होती, वर बरोबर अक्षरं लिहिली होती, आणि कोपऱ्यात 'ब्रेक बदलले' असंही होतं. डेलमार ती चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात आला, अर्लीनला दाखवली आणि बाई अजून सुधारली नाही म्हणून बराच वेळ कुरकुरला. पण त्या दिवशी त्याने जेवताना दोनदा वाढून घेतलं, हे अर्लीनने पाहिलं होतं.

एका जूनमध्ये गारा पडल्या, लिंबाएवढ्या. आठवडा व्हर्नाचा होता. तिच्या शेडमध्ये एकच वाहन मावायचं. तिने पिकअप आत घातली, आणि स्वतःची मोटार बाहेर उभी ठेवली. मोटारीचं छप्पर ठिकठिकाणी ठेचलं गेलं, आणि ती तशीच ठेचलेली मोटार ती अजून चालवत होती. आणि ज्या हिवाळ्यात व्हर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या दोन महिन्यांत तिला गाडीत चढणंच शक्य नव्हतं. अर्लीन तिला आपल्या मोटारीतून सगळीकडे नेत-आणत होती. तरी तिच्या आठवड्याच्या रविवारी डेलमार पिकअप तिच्या अंगणात नेऊन लावायचा, किल्ली खणात ठेवायचा आणि गुडघाभर बर्फातून परत यायचा. गाडी आठवडाभर बर्फाखाली नुसती उभी राहायची. पुढच्या रविवारी तो जाऊन ती उकरून काढायचा. पोर्चमध्ये त्याच्यासाठी फावडं ठेवलेलं असायचं. आपल्याला त्या आठवड्यात गाडी हवी होती, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. आठवडा तिचा होता.

अशा रीतीने दोन लाख एक्याऐंशी हजार मैल झाले होते.

रूडीकडून आल्यावर डेलमारने जेवणाच्या टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिली. एरवी दोन ओळी पुरत. या वेळी कागद पाठपोट भरला. चॅसीचं, वेल्डिंगचं, रूडी घ्यायला तयार आहे त्याचं, सगळं लिहिलं. शेवटी 'तुला काय वाटतं?' असं लिहिलं, मग ते खोडलं, आणि मग चिठ्ठीच पुन्हा नव्याने लिहून तो प्रश्न परत घातला. रविवारी ती झडपेत खोचून गाडी पोचवली.

पुढच्या रविवारी गाडी परत आली, तेव्हा हौदा धुतलेला होता. नुसता झाडलेला नव्हे. चिठ्ठीत एवढंच होतं: 'तुला योग्य वाटेल ते कर. मला चालेल.'

त्याने ती उभ्याने वाचली, बसून वाचली. चष्मा काढून पुसून पुन्हा वाचली.

"काय म्हणते?" अर्लीनने बटाटे सोलता सोलता विचारलं.

"म्हणते, चालेल."

"काय चालेल?"

"तेच कळत नाही."

अर्लीनने विचारलं, की त्याला स्वतःला गाडी विकायची आहे का. नाही, तो म्हणाला. मग प्रश्न कुठे आला? प्रश्न असा, की व्हर्ना आता सत्तरीची झाली. मेंढ्या तिने मागच्याच वर्षी विकल्या. आठवड्याआड ती एवढी मोठी गाडी अंगणात लावून घेते, तेल बघते, टायर बघते, ते कशासाठी? कदाचित तिला सुटायचं असेल, आणि तसं म्हणायला अवघड वाटत असेल. धुतलेला हौदा त्याच्या मनातून जात नव्हता. माणूस वस्तू परत करताना धुतो.

"तू गुरुवारी जातेस ना तिच्याकडे," तो म्हणाला. "सहज बोलता बोलता–"

"डेलमार."

"बरं, राहिलं."

गुरुवारी अर्लीन नेहमीप्रमाणे गेली, नेहमीपेक्षा उशिरा आली आणि आल्यावर व्हर्नाच्या अंगणातल्या सफरचंदांबद्दल बोलत राहिली. डेलमारने सफरचंदांमधून काही अर्थ निघतो का ते पाहिलं. निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी तो काउंटीच्या वाहन-नोंदणी कचेरीत गेला. विकायची तर कागद लागणार. मालकीचा कागद पहिल्यापासून व्हर्नाकडे असायचा. दोघांची नावं आहेत म्हणजे दोघांच्या सह्या आल्या, एवढं त्याला ठाऊक होतं. पण सही करायला दोघांना एकाच वेळी एकाच खिडकीसमोर उभं राहावं लागतं, की वेगवेगळं येऊन चालतं, ते त्याला विचारायचं होतं. वेगवेगळं चालत असेल तर व्हर्नाला ते सोपं जाईल असं त्याने मनाशी धरलं होतं. स्वतःला काय सोपं जाईल याचा विचार तो वाटेत टाळत आला होता. त्यासाठी त्याने रेडिओवरची व्हायोलिनं बदलली नव्हती.

खिडकीत जोलीन क्रामर बसली होती. गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक गाडीच्या नंबरपाटीवर चिकटवायचं नोंदणीच्या वर्षाचं लेबल तिच्याच हातून जात होतं. डेलमारने आपला प्रश्न सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, आणि ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं.

"तिची सही लागतच नाही," ती म्हणाली.

"निम्मी गाडी तिची आहे."

"हो, पण कागदावर तुमच्या दोघांच्या नावांमध्ये 'किंवा' आहे. डेलमार हुसाक किंवा व्हर्ना लिंडहोल्म. 'किंवा' असलं की दोघांपैकी कुणीही एकट्याने विकू शकतं. 'आणि' असतं, तर दोघं लागली असती."

डेलमारने आठवून पाहिलं. तेवीस वर्षांपूर्वी त्या कचेरीत कुणीतरी काहीतरी विचारलं असेल आणि त्याने घाईत मान हलवली असेल. त्याने कागद कधी वाचलाच नव्हता. वाचायचं काम व्हर्नाचं असायचं.

"म्हणजे इतकी वर्षं," तो म्हणाला, "मी केव्हाही–"

"तुम्ही केव्हाही. तीही केव्हाही."

"तिला हे ठाऊक नसेल."

जोलीनने समोरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला. मग तिने सांगितलं, की कचेरीतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, पण कागद दोघांचा आहे तेव्हा हे बाहेरचं म्हणता येत नाही. व्हर्नाला ठाऊक होतं. शाळा बंद झाली त्या वर्षीच ती येऊन विचारून गेली होती. इथेच उभी होती, थंडीचे दिवस होते, हातातले मोजेही काढले नव्हते. गाडी मला एकटीला विकता येते का, असं तिने विचारलं. येते, असं जोलीनने सांगितलं. बरं, म्हणाली, आणि पाटीवरचं पुढच्या वर्षाचं लेबल घेऊन निघून गेली.

डेलमारने टोपी काढली, आणि काढण्याचं काही कारण नव्हतं असं लक्षात आल्यावर पुन्हा घातली.

"आणि काल आली होती," जोलीन म्हणाली.

"काल?"

"काल. गुरुवारी. अर्लीन बाहेर बाकावर बसली होती."

जोलीनने खालचा खण उघडला. मालकीचा तो जुना कागद, घड्यांवर विरलेला, आणि त्याला टाचणीने लावलेला एक नवा अर्ज तिने फळीवर ठेवला. अर्ज एका ओळीचा होता. नावांमधलं 'किंवा' काढून तिथे 'आणि' घालावं. खाली सह्यांसाठी दोन रेघा होत्या. दुसऱ्या रेघेवर व्हर्नाची सही होती; फळ्यावर लिहावी तशी, प्रत्येक अक्षर सुटं आणि सरळ. पहिली रेघ मोकळी सोडली होती.

"तुम्हाला फोन करते म्हटलं, तर नको म्हणाली. तो येईल न येईल, म्हणाली. आला आणि विकायचं बोलला, तर त्याला तो काय म्हणेल ते करून दे, आणि हा अर्ज फाडून टाक. त्याला दाखवायचाही नाही." जोलीन थांबली. "पण तुम्ही विकायचीच असं बोलला नाहीत. तुम्ही आलात ते तिला इथे उभं राहावं लागेल का, हे विचारायला. म्हणून मी दाखवला."

मागे रांगेत एक बाई आणि तिच्या कडेवरचं मूल येऊन उभे राहिले होते. मूल टोपीच्या कडेला हात लावायला बघत होतं. डेलमारने त्याला टोपीची कड धरू दिली आणि दुसऱ्या हाताने सही केली. सावकाश केली. नावातलं एकही अक्षर वाकडं जाऊ नये अशी त्याची खटपट चालली होती, आणि तरी शेवटचं जरा गेलंच.

तिथून तो सरळ रूडीकडे गेला आणि पट्ट्या घाल म्हणून सांगितलं. रूडीने गाडीकडे बघून एक सुस्कारा टाकला, उद्या सकाळी सातला घेऊन ये, म्हणाला, आणि मग आतून हाक मारून विचारलं, की चिठ्ठीचं उत्तर आलं वाटतं? डेलमार म्हणाला, हो, कालच टाकलं होतं; मला आज मिळालं.

घरी आल्यावर त्याने अर्लीनला काही सांगितलं नाही आणि तिने काही विचारलं नाही. ती सिंकपाशी भांडी घासत होती. त्याने टोपी खुंटीला अडकवली.

"बाक थंड असेल ना तो, कचेरीबाहेरचा," तो म्हणाला.

"बराच," अर्लीन म्हणाली आणि घासत राहिली.

रविवारी दुपारी त्याने गाडी व्हर्नाच्या अंगणात लावली. चॅसीवरच्या नव्या पट्ट्यांना रूडीने काळा रंग दिला होता. किल्ली खणात ठेवून तो उतरला, आणि रस्त्याकडे वळणार एवढ्यात त्याला शेडच्या दारात व्हर्ना दिसली. तिच्या पुढ्यात जुना, पेटीसारखा लांबलचक फ्रीजर होता. तो तिने लोखंडी नळ्यांवर चढवून सरकवत दारापर्यंत आणला होता. डोक्याला रुमाल, हातात चामडी मोजे.

तो थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं; मग फ्रीजरकडे.

"एक बाजू धर," ती म्हणाली.

सोळा वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य होतं, पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण तिने आपली बाजू उचललीही होती. डेलमारने धावत जाऊन दुसरी धरली. फाळका पाडून, अर्धं ढकलून, अर्धं उचलून दोघांनी तो हौद्यात चढवला, आणि दोघंही फाळक्याला टेकून धापा टाकत उभे राहिले. मेंढ्या गेल्या, आता एवढा मोठा फ्रीजर तिला एकटीला कशाला लागतो, म्हणून तो तिने चर्चच्या सभागृहाला दिला होता. तिकडे उतरवायला कोण आहे, असं त्याने विचारलं. कोणी नाही, असं तिने सांगितलं.

"अर्लीन जेवायला थांबली असेल," तो म्हणाला.

"आज घाई नाही म्हणाली."

डेलमारने हौद्यात चढून फ्रीजरला दोर आवळला. उतरल्यावर तो सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला आणि तिथे व्हर्ना आधीच उभी होती. आठवडा तिचा होता. तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला. बसल्यावर त्याला सगळं जरा परकं वाटलं. हातांना धरायला स्टिअरिंग नव्हतं, पायांना करायला काही नव्हतं, आणि समोरचं बॉनेट तिरकं दिसत होतं. तेवीस वर्षांत तो त्या बाजूला कधी बसलाच नव्हता.

व्हर्नाने सीट पुढे ओढली, आणि सीट एकच असल्यामुळे डेलमारचे गुडघे डॅशबोर्डला जाऊन टेकले. तिने ते पाहिलं, पण सीट मागे घेतली नाही. घेतली असती तर तिचे पाय पोचले नसते.

"जोलीन भेटली?" गाडी फाटकाबाहेर काढताना तिने विचारलं.

"भेटली."

"केलीस?"

"केली. नाव बरोबर लिहिलं."

व्हर्नाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं होती, पिवळट, सपाट, लांबवर पसरलेली. ऑक्टोबर असूनही ऊन तापलं होतं आणि वजन उचलल्यामुळे डेलमारला घाम आला होता. त्याने काच उघडायला हँडल फिरवलं. काच निम्मी उतरली आणि अडली. त्याने वर घेऊन पुन्हा उतरवली. पुन्हा तिथेच अडली.

"ती तेवढीच उतरते," व्हर्ना म्हणाली.

"कधीपासून?"

"दहा-बारा वर्षं झाली. अर्लीन बसते तेव्हा दर वेळी बोलते."

"आणि मला सांगितलं नाहीस," डेलमार म्हणाला.

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याने हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवला. व्हर्ना समोर बघत होती. पुढे रेल्वेचे रूळ आडवे आले, तसा तिने वेग अगदी कमी केला, मागचा फ्रीजर हादरू नये म्हणून. एक चाक चढलं, उतरलं, मग दुसरं.

"मी सांगायला हवं होतं," डेलमार म्हणाला.

"हवं होतं," व्हर्ना म्हणाली.

मागची चाकंही रुळांपलीकडे आल्यावर तिने गाडी पुन्हा वेगात घेतली. थोडं अंतर गेल्यावर तिने सीटखालचा खटका दाबून सीट दोन बोटं मागे सरकवली, आणि टाचा उचलून, फक्त चवड्यांनी चालवत राहिली.